आई-मावशीला घेऊन मोरोक्को: फेसचा गाइड, रियाद, टॅक्सी आणि वाळवंटाची टूर, सगळ्याचा सेफ्टी रिव्ह्यू

मोरोक्कोहून आल्यापासून जो भेटेल तो एकच विचारतोय, सेफ आहे का गं तिकडे, त्यातून तुम्ही तिघी बायकाच. तर उत्तर हो आहे आणि मी ते मनापासून देतेय, पण कशापासून सेफ आणि कशापासून नाही हे सांगितल्याशिवाय नुसत्या ‘हो’ला काही अर्थ नाही, म्हणून हा एवढा मोठा रिव्ह्यू. आम्ही तिघी म्हणजे मी, आई आणि मावशी, दोघी साठीच्या पुढच्या, आईचा एक गुडघा कुरकुरणारा, मावशीला सगळ्यांशी बोलायची हौस. ग्रुप टूर नको होती त्यामुळे एकेक सर्व्हिस आम्ही सुटी बुक केली: फेस शहरातलं रियाद (जुन्या घराचं केलेलं गेस्टहाउस) आणि त्यांचा पिकअप, फेसचा लायसन्सवाला गाइड, शहरातल्या टॅक्सी, ट्रेन, आणि माराकेशहून वाळवंटाची व्हॅन टूर. रियादचं आणि टूर कंपनीचं नाव देत नाहीये, कारण माणसं बदलली की सर्व्हिस बदलते, तुम्हाला उपयोगी पडेल ते म्हणजे काय विचारायचं आणि काय बघायचं.

आधी एकूण चित्र. २०२४ मध्ये मोरोक्कोत १ कोटी ७४ लाख पर्यटक येऊन गेले, त्यात परदेशात राहणारे आणि सुट्टीला घरी येणारे मोरोक्कनही धरलेले आहेत, पण तरी आकडा केवढा मोठा आहे बघा. पर्यटनावर लाखो घरं चालतात आणि सरकार ते फार जपतं. माराकेशच्या जमा अल-फना चौकात २०११ च्या एप्रिलमध्ये अर्गाना कॅफेत बॉम्बस्फोट झाला होता, १७ माणसं गेली. डिसेंबर २०१८ मध्ये अ‍ॅटलास डोंगरात इमलीलजवळ दोन स्कँडिनेव्हियन मुलींचा खून झाला. या गोष्टी घडलेल्या आहेत आणि त्या लपवून कोणाला ‘बिनधास्त जा’ म्हणणं मला पटत नाही. पण बंदोबस्त किती वाढलाय तेही दिसतं. २०१४ पासून ‘हदर’ नावाने पोलीस आणि सैनिक एकत्र गस्त घालतात, स्टेशनबाहेर, चौकात तीन-तीन जण शांतपणे उभे असतात. त्यांचे फोटो मात्र काढायचे नाहीत, पोलीस, लष्कर, सरकारी इमारती सगळ्यालाच मनाई आहे. शिवाय साध्या वेशातले टूरिस्ट पोलीस असतात, त्यांना तिथे ब्रिगाद तुरिस्तिक म्हणतात, फेस आणि माराकेशच्या मेदिनांमध्ये, म्हणजे जुन्या शहरांमध्ये, ते फिरत असतात आणि तुम्हाला ते ओळखू येत नाहीत पण उगाच मागे लागणाऱ्या पोरांना बरोबर ओळखू येतात.

त्यामुळे जिवाची भीती हा आमचा रोजचा विषय नव्हताच. रोजचा विषय होता कोणीतरी चिकटणं, चुकीच्या गल्लीत नेणं, मग पैसे मागणं, टॅक्सीवाल्याने मीटर न टाकणं, आणि रस्त्यावरचं ट्रॅफिक. तिथे माझा एकच नियम पक्का झाला आणि तो तिघींनी पाळला: मदत आपण मागायची, आपणहून चालत आलेली घ्यायची नाही. दुकानात बसलेला माणूस, पोरं घेऊन चाललेली बाई, फार्मसीतली मुलगी, यांना विचारलं की दर वेळी नीट उत्तर मिळालं आणि कोणी एक दिरहम मागितला नाही. जो रस्त्यात उभा राहून ‘हॅलो माय फ्रेंड’ करत आपल्याकडे येतो तो धंद्यावर आहे.

आता रियाद. रियाद म्हणजे मधे चौक असलेलं जुनं घर, त्याचं आता गेस्टहाउस केलेलं. फेसची जुनी मेदिना, फेस अल-बाली, १९८१ पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि आत गाड्या जातच नाहीत, हजारो गल्ल्या, काही इतक्या अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला आडवं व्हावं लागतं. टॅक्सी तुम्हाला बाब बुजलूद, बाथा किंवा र्सिफ अशा कुठल्यातरी कडेच्या ठिकाणी सोडते आणि तिथून चालत. आणि नेमकं तिथेच, हातात बॅगा, डोळ्यात झोप, फोनला नेटवर्क नाही, अशा वेळी चार पोरं येतात, कुठलं रियाद, मला माहितीये, चला. आमच्या रियादने आदल्या दिवशी व्हॉट्सॅपवर कळवलं होतं की आमचा माणूस तुमचं नाव लिहिलेला कागद घेऊन उभा असेल, दुसरं कोणी ‘रियादने पाठवलंय’ म्हणालं तर आधी त्याला तुमचं नाव विचारा. हे फार शहाणपणाचं वाटलं मला. तसंच झालं, एक जण आलाच, रियादचं नाव त्याने आमच्याच बॅगेच्या टॅगवरून वाचलेलं, मावशीने विचारलं माझं नाव सांग, तो निघून गेला. दोन मिनिटांत खरा माणूस आला, सोबत हातगाडीवाला, बॅगा गाडीवर आणि आम्ही मोकळ्या हातांनी मागे. पिकअपचे पैसे टॅक्सीपेक्षा बरेच जास्त लागतात पण पहिल्या दिवशी ते द्याच, मी परत गेले तरी देईन.

रियादच्या रिसेप्शनवरची मुलगी फार चांगली होती. पासपोर्ट घेऊन पोलिसांचा फॉर्म भरते, तो सगळीकडेच भरतात, घाबरू नका, पण पासपोर्ट लगेच परत घ्या. तिने कार्ड दिलं, त्यावर रियादचा नंबर आणि अरबीत पत्ता, आणि नकाशावर पेनाने दोन जाड रेघा मारल्या, तला कबीरा आणि तला सघीरा, म्हणाली दिवसा कुठेही हरवा पण अंधार पडला की या दोन रस्त्यांवरूनच या. कारण सोपं आहे, दुकानं मिटली की आतल्या गल्ल्या पूर्ण रिकाम्या होतात, लाइट कमी, आणि विचारायला माणूस नाही. शेवटच्या वळणाला अडलात तर फोन करा, मी माणूस पाठवते, असंही म्हणाली आणि एका रात्री खरंच पाठवला.

रियादबद्दल कोणी सांगत नाही ते मी सांगते. वयस्कर माणसांसाठी तिथला खरा धोका जिन्याचा आहे. पायऱ्या उंच, अरुंद, गोल फिरणाऱ्या, वर टाइल्स लावलेल्या आणि सकाळी पुसल्यावर त्या इतक्या गुळगुळीत की मलाच भिंत धरून उतरावं लागलं, गच्चीचा कठडाही बऱ्याच ठिकाणी बुटका असतो. बुक करताना ‘ग्राउंड फ्लोअरची खोली’ असं लिहूनच मागा. आम्ही मागितली होती, मिळाली. दुसरं म्हणजे थंडीत जाणार असाल तर गरम पाण्याचा गॅस गीझर बाथरूमच्या आत आहे का ते विचारा आणि असेल तर खिडकी-झरोका आहे का बघा, नसेल तर खोली बदलून घ्या, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रियादला माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा त्या जिन्याला कापला.

गाइडबद्दल भरभरून लिहायचंय. मोरोक्कोत गाइडला सरकारी परवाना लागतो, फोटो असलेलं कार्ड गळ्यात असतं, नसेल तर तो गाइड नाही, त्याला तिथे फो गिद म्हणतात आणि ते बेकायदेशीर आहे. आमचा गाइड रियादमार्फत ठरवला, अर्ध्या दिवसाचे साडेतीनशे दिरहम, दिरहमला साधारण नऊ-दहा रुपये धरा. पन्नाशीचा, फेसमध्येच वाढलेला माणूस, आल्या आल्या त्याने कार्ड स्वतःहून दाखवलं आणि पहिला प्रश्न विचारला की शॉपिंग करायचीय का. हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे कारण तिकडे गाइडला गालिचे आणि लेदरच्या दुकानांतून कमिशन मिळतं, आणि काही जणांची अख्खी टूर दुकानादुकानांतूनच जाते. आम्ही सांगितलं की चामड्याचा कारखाना बघायचाय, बाकी दुकान नको. त्याने मान डोलावली आणि ते शेवटपर्यंत पाळलं.

त्याची एक सवय बघून मला कळलं की हा माणूस कामाचा आहे. तो पुढे चालत नव्हता. मला पुढे ठेवायचा, ‘सरळ, आता डावीकडे’ असं मागून सांगायचा आणि स्वतः आईच्या मागे एक पाऊल, रस्त्याच्या बाजूला. मेदिनेत सामान गाढवावरून आणि खेचरावरून जातं, गॅसचे सिलिंडर, कोकची खोकी, ओली कातडी, आणि हाकणारा मागून ‘बालाक, बालाक’ ओरडत येतो, तो थांबत नाही, तुम्ही बाजूला व्हायचं. एकदा दोन्ही बाजूंनी सिलिंडर लादलेलं खेचर उतारावरून आलं, आईला ते ऐकूच आलं नाही, त्याने नुसता तळहात तिच्या पाठीशी आडवा धरला आणि तिला एका दाराच्या उंबऱ्यावर चढवलं, सिलिंडर तिच्या ओढणीला घासून गेला. हे सगळं त्याचं वाक्य चालू असताना, करावीयीनच्या दारातून आत बघत. करावीयीन म्हणजे ८५९ साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने उभारली असं मानतात ती मशीद, पुढे तिचंच विद्यापीठ झालं. मोरोक्कोत बिगरमुस्लिमांना मशिदीत प्रवेश नाही, अपवाद मुख्यतः कासाब्लांकातल्या राजा हसन (दुसरा) याच्या नावाच्या मशिदीचा, तर इथे दारातूनच बघायचं, उंबरा ओलांडायचा नाही. बू इनानिया मदरशात मात्र तिकीट काढून आत जाता येतं, चुकवू नका.

मग शुआरा, चामड्याचे हौद. कारखाना खाली आणि तो दिसतो आजूबाजूच्या लेदर दुकानांच्या गच्च्यांवरून, म्हणजे बघायचं तर दुकानातूनच वर जावं लागतं. दारात पुदिन्याची काडी देतात नाकाला लावायला, कारण कातडी मऊ करायला चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात, वास जबरदस्त. गच्चीवरून दिसतं ते विसरणार नाही, शेकडो गोल हौद, पांढरे, लाल, पिवळे, आणि मांडीपर्यंत रंगात उभी असलेली माणसं. उतरताना विक्रेता जॅकेट घेऊन आलाच, मावशीच्या अंगावर घातलंच, बाराशे, बरं हजार, बरं तुम्ही सांगा. नको म्हटल्यावर सूर बदलला, गच्ची फुकट नसते मॅडम. इथे गाइड मधे पडला, आवाज न चढवता अरबीत दोन वाक्यं, आणि आम्हाला म्हणाला गच्चीचे वीस दिरहम द्या आणि चला, एवढाच त्याचा हक्क आहे. विक्रेत्यानेही हसून घेतले. भांडण नाही, घाबरणं नाही, आणि दुकानदाराचाही मान राहिला. असा गाइड ५ पैकी ५, आणि टिप वेगळी.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम गाइडशिवाय निघालो, रस्ते आता थोडे कळले होते. तेव्हा तो प्रसिद्ध ‘क्लोज्ड, क्लोज्ड’ प्रकार बघायला मिळाला. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं येतं, हा रस्ता बंद आहे, पुढे काही नाही, चौक तिकडे. किंवा आज खास बर्बर (तिथले मूळ रहिवासी) लोकांचा बाजार आहे, फक्त आजच. रस्ता बंद नसतो आणि तो बाजार रोज असतो. त्याच्यामागे गेलात की दहा गल्ल्या फिरवून चुलत्याच्या दुकानात किंवा थेट एखाद्या कोपऱ्यात, आणि मग पन्नास-शंभर दिरहमची मागणी. आमच्या समोर एका युरोपियन जोडप्याला दोन पोरांनी असं गाठलं होतं, पैसे कमी वाटले म्हणून मोठ्याने बोलायला लागली, तेवढ्यात शेजारच्या तांब्याच्या भांडीवाल्याने बसल्या जागेवरून पोरांना झापलं आणि पोरं पळाली. तिथली मोठी माणसं या प्रकाराला लाजतात हे मला फार वेळा जाणवलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर गल्लीच्या आत आत जायचं नाही, जवळच्या उघड्या दुकानात शिरायचं. मागे लागणाऱ्याला ‘ला, शुक्रन’, म्हणजे ‘नको, धन्यवाद’, एकदाच, डोळ्यात न बघता, आणि चालत राहायचं. मावशी सरळ मराठीत ‘नको रे बाळा, जा’ म्हणायची आणि त्या सुरामुळे असेल पण पोरं खरंच जायची. नकाशाचं अ‍ॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा पण चालता चालता फोन नाकासमोर धरू नका, थांबा, भिंतीला पाठ लावा, बघा, खिशात टाका, मग निघा.

टॅक्सी. शहरातली छोटी टॅक्सी म्हणजे पेटी टॅक्सी, प्रत्येक शहराचा रंग वेगळा, फेसमध्ये आणि कासाब्लांकात लाल, राबातमध्ये निळी, माराकेशमध्ये मातकट पिवळसर. कायद्याने तीनच प्रवासी, आम्ही तिघी त्यामुळे आमचं भागलं, चौघं असाल तर दोन टॅक्सी किंवा मोठी ग्रां टॅक्सी. फेसच्या टॅक्सीवाल्यांनी जवळपास प्रत्येक वेळी न सांगता मीटर टाकला, बिल इतकं कमी यायचं की आईला वाटायचं काही चुकलंय. रात्री आठनंतर दीडपट होतं, ते नियमातच आहे, त्यावरून भांडू नका. माराकेशमध्ये वेगळी गोष्ट, जमा अल-फनाजवळ उभ्या असलेल्या टॅक्सी मीटरचं नावच काढत नाहीत, पाच-सहापट भाव सांगतात. त्यावर उपाय म्हणजे थोडं पुढे चालत जायचं आणि चालती टॅक्सी हात करून थांबवायची, बसायच्या आधी ‘कोंतर’, म्हणजे मीटर, म्हणायचं, नाही म्हणाला तर दार लावायचं आणि पुढची. सुटे पैसे जवळ हवेतच, दोनशेची नोट काढलीत की सुटे नाहीत हे ऐकावं लागतं. जागा असेल तर टॅक्सीवाला वाटेत आणखी एखादा प्रवासी घेईल, ते तिकडे नॉर्मल आहे, पण एकट्या मुलीला रात्री नको वाटलं तर नाही म्हणता येतं. एअरपोर्टच्या टॅक्सीशी मी डोकं लावलंच नाही, माराकेशला १९ नंबरची बस आहे आणि सामान जास्त असेल तर रियादचा पिकअप. फेसच्या टॅक्सी ४, माराकेशच्या २.

ट्रेनबद्दल थोडक्यात, कारण तक्रार काहीच नाही. फेस ते माराकेश सातेक तास, मेकनेस, राबात, कासाब्लांका करत जाते. फर्स्ट क्लास घ्या, सीट नंबर मिळतो, फरक फार नाही. बॅग डोक्यावरच्या रॅकवर आणि पर्स मांडीवर. समोर एक शिक्षिका बसली होती, तिने डब्यातले खजूर आम्हाला दिले आणि आईच्या हातावरच्या बांगड्या बघून अमिताभ, शाहरुख, सगळी नावं घेतली. भारतीय असण्याचा तिकडे फायदाच होतो, हिंदी सिनेमा घराघरात बघितलेला आहे. पण हेच बाजारातही वापरतात, ‘इंडिया! शाहरुख खान!’ ओरडणारा प्रत्येक जण फॅन नसतो, तेवढं लक्षात ठेवा.

माराकेशचा जमा अल-फना चौक संध्याकाळी बघायलाच हवा, गोष्टी सांगणारे, ढोलवाले, धुराने भरलेले खाण्याचे स्टॉल, त्याची परंपरा युनेस्कोने मान्य केलेली आहे. पण आपल्या बायकांनी जपायची गोष्ट म्हणजे मेंदी. स्टुलावर बसलेली बाई तुमचा हात धरते आणि ‘गिफ्ट, गिफ्ट’ म्हणत काढायलाच लागते, थांबवेपर्यंत अर्धं फूल झालेलं, मग दोनशे दिरहम. मावशीचा हात असाच धरला होता, तिने झटकन ओढून घेतला. पैशापेक्षाही त्या मेंदीत काय आहे ते महत्त्वाचं. काळी कुळकुळीत मेंदी म्हणजे त्यात बहुतेक पीपीडी असतं, केसांच्या डायमधलं केमिकल, कातडीला फोड येतात, डाग राहतात, कोणाकोणाला आयुष्यभराची अ‍ॅलर्जी होते. खऱ्या मेंदीचा रंग काळा नसतो हे आपल्याला सांगायला नको. हौस असेल तर रियादला सांगून बाई बोलावून घ्या. हात खिशात किंवा पदराखाली ठेवून चौकातून जा, खरंच उपयोग होतो.

साप आणि माकडवाले. ते माकड खांद्यावर टाकतात, फोटो झाला की शंभर मागतात. त्यांच्याकडे कॅमेरा वळवलात तरी मागतात. माकडांच्या जवळ जायचंच नाही, मोरोक्कोत रेबीज आहे, गल्लीतली मांजरं-कुत्री गोड दिसली तरी हात लावू नका, आणि ओरखडा जरी आला तरी जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लशीसाठी डॉक्टर गाठायचा. माराकेशच्या गल्ल्यांत मोपेड पण शिरतात, वेगाने, त्यामुळे पूर्ण वेळ उजवीकडे भिंतीलगत, एका मागे एक, पर्स भिंतीच्या बाजूच्या खांद्याला. फोन हिसकावणारे मोपेडवरूनच येतात.

छेडछाडीबद्दल खरं सांगते. मी तीस-पस्तिशीतली, आई-मावशीबरोबर असताना काही नाही, एकटी पाणी आणायला निघाले की शेरे यायचे. हात लावणं वगैरे नाही झालं. २०१८ पासून १०३-१३ नंबरचा कायदा आहे, सार्वजनिक ठिकाणी छळ हा गुन्हा आहे, त्यामुळे मोठ्याने बोललं की आजूबाजूचे लोक तुमच्या बाजूने उभे राहतात. आम्ही तिघी सलवार-कमीज आणि ओढणीत होतो, ऊन, धूळ, नजर, सगळ्याला ती ओढणी पुरली. चरस कोणी देऊ केला तर मान हलवायची नाही, थांबायचं नाही, विषय सुरू होऊ द्यायचा नाही, तुरुंगात जायचं काम आहे. आणि ज्यांना ड्रोन न्यायचाय त्यांनी घरीच ठेवा, परवानगीशिवाय कस्टममध्ये काढून घेतात.

खाण्याचं फार लिहीत नाही. शाकाहारी असाल तर हरीरा सूप विचारून घ्या, त्यात बऱ्याचदा मटणाचा अंश असतो, बिस्सारा म्हणजे बाकल्याच्या डाळीचं सूप चालतं, आणि झालूक तर आपलं वांग्याचं भरीतच. पाणी बाटलीचं, सील बघून. पोट तिघींचंही ठणठणीत राहिलं.

आता वाळवंटाची टूर, आणि इथे मी नाराज आहे. माराकेशहून वाळवंटाच्या कडेचं मर्झूगा गाव साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत तीझी न तिश्का घाट, २२६० मीटर उंच, वळणावर वळणं. व्हॅन बाहेरून नवी, आत मागच्या दोन रांगांना सीटबेल्ट नाहीत, म्हणजे पट्टा आहे पण क्लिपच गादीखाली गेलेली. ड्रायव्हर एका हातात फोन धरून व्हॉइस मेसेज पाठवत घाट चढत होता आणि ट्रकला वळणावर ओव्हरटेक करत होता. बाकीचे प्रवासी डोळे मिटून बसलेले. मी पुढे जाऊन सांगितलं की फोन ठेव, तो हसला. आई उठली, पुढे गेली, त्याच्या शेजारच्या रिकाम्या सीटवर बसली आणि हात पुढे केला, फोन दे. त्याने दिला! कॅम्प येईपर्यंत फोन आईच्या पर्समध्ये होता आणि गाडी व्यवस्थित चालली. पण हे प्रवाशाच्या आईने करायचं काम नाही ना, कंपनीचं आहे. मोरोक्कोत टूरिस्टच्या जिवाला खरा धोका कशाचा असेल तर तो रस्त्याचा, आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. कंपनीला मी फोटोसकट लिहिलं, उत्तर आलं ‘फीडबॅकबद्दल धन्यवाद’. ५ पैकी दीड, तोही कॅम्पवरच्या पोरांसाठी, त्यांनी आई-मावशीला उंटाऐवजी जीपने नेलं आणि रात्री जास्तीच्या गोधड्या आणून दिल्या. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, माणूस पुढे फेकला जातो, गुडघे-कंबर दुखणाऱ्यांनी जीपच घ्यावी.

बुक करायच्या आधी कंपनीला लेखी विचारा: रोज किती तास ड्रायव्हिंग, अंधारात गाडी चालवणार का, प्रत्येक सीटला चालू बेल्ट आहे का, कॅम्प ओढ्याच्या पात्रात तर नाही ना. शेवटचा प्रश्न ऐकायला विचित्र वाटेल, पण २०२४ च्या सप्टेंबरमध्ये याच कोरड्या दक्षिण भागात पूर येऊन माणसं गेली. जमत असेल तर गाडी-ड्रायव्हर वेगळा करा आणि वाटेत दादेस किंवा तोद्राच्या घळीजवळ मुक्काम करा, एका दमात जाऊ नका. तुबकालच्या डोंगरात जायचं असेल, ४१६७ मीटर आहे, तर इमलीलच्या घटनेपासून गाइड सक्तीचा आहे आणि वाटेतल्या चौकीवर पासपोर्ट तपासतात. त्याच अल हौझ भागात ८ सप्टेंबर २०२३ ला ६.८ चा भूकंप झाला, जवळपास तीन हजार माणसं गेली, तर डोंगरातल्या गावांत राहणार असाल तर घर नव्याने बांधलेलं आहे का हे जरूर विचारा.

फोनमध्ये आधीच सेव्ह करा: शहरात पोलीस १९, शहराबाहेर जाँदार्मरी (तिकडचे पोलीस) १७७, अँब्युलन्स आणि फायर १५. आपली एम्बसी राबातमध्ये आहे, तिचा इमर्जन्सी नंबर निघायच्या आधी त्यांच्या साइटवरून घ्या. दिरहम भारतात मिळत नाही, तिकडे उतरल्यावरच काढायचा, एटीएम बँकेच्या आतलं वापरा, आणि निघताना उरलेले एअरपोर्टवरच बदलून टाका. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये वयस्करांच्या जुन्या आजारांचं कव्हर आहे का ते वाचून घ्या, आम्ही घेतला होता, वापरावा लागला नाही.

आणखी एक, ज्यांची ट्रिप फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे त्यांच्यासाठी. रमजानच्या तारखा आधी बघा. त्या महिन्यात जाऊ नका असं नाही, पण सूर्यास्ताच्या आधीच्या अर्ध्या तासात सगळा देश घरी धावत असतो, टॅक्सी मिळत नाहीत, ज्या मिळतात त्या सुसाट, आणि बांग झाली की मेदिनेतली दुकानं बंद, गल्ल्या मोकळ्या. त्या वेळेला रियादमध्येच राहा, तासा-दीड तासाने बाहेर पडा, तोपर्यंत दुकानं उघडतात, बायका-पोरं सगळी रस्त्यावर येतात आणि मग मध्यरात्रीपर्यंत मोठ्या रस्त्यांवर गर्दी असते.